विवरणपत्राची तयारी आणि लांबणारा परतावा : आपले अनुभव लिहा

२०२५ साली लेखापरीक्षण लागू नसलेल्या करदात्यांची आयकर विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत आणि अगदी शेवटच्या घटकेला आणखी एका दिवसाने वाढली. विवरणपत्राच्या नमुन्यांतील मोठे बदल आणि युटिलिटी (विवरणपत्र भरण्याची संगणकीय साधने) तयार होण्यास लागणारा वेळ ही त्यामागची अधिकृत कारणे होती. मुदत वाढली की आपण निर्धास्त होतो, परंतु विवरणपत्र जितके उशिरा जाते तितका परतावाही (जादा भरला गेलेला कर परत मिळणे) पुढे ढकलला जातो. विलंब आपल्या हातात नसला तरी आपल्याच कागदांमुळे तो वाढू नये, यासाठी तुम्ही आधीपासून काय करता ते सविस्तर लिहावे. पॅन, आधार किंवा खाते क्रमांक मात्र कोणीही लिहू नयेत.

नोकरदार, वर्षाच्या मध्यात कंपनी बदललेले

एप्रिलमध्येच विवरणपत्र भरून मोकळे व्हावे, हा सल्ला मला पटत नाही. शेवटच्या तिमाहीचे टीडीएस (पगारातून आधीच कापलेला कर) विवरण देण्याची कंपन्यांची मुदत ३१ मे असते आणि फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचे कंपनीचे प्रमाणपत्र) साधारण १५ जूनपर्यंत मिळतो. त्याआधी २६एएसमधील (आपल्या पॅनवर जमा कराचा आयकर विभागाकडील उतारा) आकडे अपुरेच असतात. माझ्या जुन्या कंपनीने कापलेला कर तिथे दिसत नव्हता, म्हणून पगारपत्रके जोडून त्यांच्या लेखा विभागाला लिहिले आणि दुरुस्त विवरण दाखल होऊन नोंद दिसेपर्यंत थांबलो. दोन्ही कंपन्यांनी नव्या करप्रणालीतील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वगळली जाणारी रक्कम) स्वतंत्रपणे, म्हणजे दोनदा धरली होती, त्यामुळे पडणारा फरकाचा कर मीच हिशेब करून विवरणपत्राआधी भरला.

निवृत्त शिक्षिका

आमच्या वयाच्या लोकांचे सगळे उत्पन्न निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज एवढेच असते, त्यामुळे काम सोपे आहे असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ठेव दोघांच्या नावावर असली तरी व्याज सहसा पहिल्या नावाच्या पॅनवर नोंदले जाते. माझ्या बहिणीच्या पैशांतून ठेवलेल्या एका ठेवीचे व्याज अशाच रीतीने माझ्या एआयएसमध्ये (आयकर विभागाकडील आपल्या उत्पन्न-व्यवहारांची वार्षिक यादी) आले. त्यावर मी संकेतस्थळावरूनच अभिप्राय नोंदवला, परंतु उत्तराची वाट न पाहता बँकेचे व्याज प्रमाणपत्र आणि बहिणीच्या खात्यातून पैसे आल्याचा उतारा एकत्र काढून ठेवला. उद्या विचारणा झाली तर हेच कागद दाखवावे लागणार आहेत. मार्च संपला की सर्व बँकांकडून व्याज प्रमाणपत्रे मागवणे हे माझे पहिले काम.

लहान व्यावसायिक

परतावा मंजूर होऊनही खात्यात आला नाही, कारण माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन होऊन आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) बदलला होता. नव्या तपशिलासह खाते पुन्हा प्रमाणित करून परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती करावी लागली. आता दरवर्षी विवरणपत्रापूर्वी ही तपासणी मी करतोच.

करसल्लागार

वरील पहिल्या अनुभवाशी मी सहमत आहे. पगारदारांसाठी जूनचा उत्तरार्ध ते जुलैचा मध्य हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. भरल्यानंतर ३० दिवसांत ई-पडताळणी (विवरणपत्र आपलेच असल्याची ऑनलाइन खातरजमा) झाली नाही, तर पडताळणीची तारीख हीच विवरणपत्राची तारीख धरली जाते, आणि ती मुदतीपलीकडे गेली तर विलंब शुल्क लागते, शिवाय व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्यांना त्या वर्षी जुनी करप्रणाली निवडता येत नाही. सदोष विवरणपत्राच्या नोटिशीला सामान्यतः १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते, म्हणून ईमेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा, सल्लागाराचा नव्हे (हे मी माझ्याच व्यवसायाविरुद्ध सांगतो आहे).

विलंबाबाबत कायद्याची चौकटही ठाऊक असावी. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले ते संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत आयकर कायद्याच्या (१९६१) कलम १४३(१) खालील सूचना, म्हणजे विवरणपत्र तपासून कर किंवा परतावा कळवणारे पत्र, पाठवता येते. म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्यावर डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत. मुदतीत भरलेल्या विवरणपत्राच्या परताव्यावर उत्पन्नाचे वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, परंतु परतावा निश्चित झालेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर मिळत नाही, आणि मिळालेले व्याजही करपात्रच असते. परतावा हाती येईल असे गृहीत धरून कर्जाचा हप्ता ठरवणारे अशील मला दरवर्षी भेटतात. नुसत्या घाईपोटी सुधारित विवरणपत्र भरू नये. त्यामुळे जुन्याची जागा नवे घेते आणि प्रतीक्षा बहुधा वाढतेच.

दिवंगत वडिलांचे विवरणपत्र भरणारी मुलगी

वडिलांच्या मृत्यूपर्यंतचे उत्पन्न त्यांच्या पॅनवर आणि त्यानंतरचे वारसांकडे दाखवावे लागते, हे मला सल्लागारांकडून कळले. त्यासाठी आधी संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी मंजूर व्हावी लागते आणि तिला मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन व वारसा सिद्ध करणारा कागद जोडावा लागतो. ही मंजुरी यायलाच वेळ लागतो, त्यामुळे फॉर्म १६ची वाट न पाहता हा अर्ज एप्रिलमध्येच करावा. वारसदार एकापेक्षा अधिक असल्यास नोंदणी कोणाच्या नावे करायची आणि परताव्याची रक्कम कशी वाटायची, हेही आम्ही भावंडांनी अर्जाआधीच लेखी ठरवले होते.