पॉलिफेनॉल ‘शोषलं जातं’ की ‘अंगी लागतं’?

प्रश्न (वाई): आमच्या गटासाठी स्ट्रॉबेरीवर मराठीत माहितीपत्रक करतेय, त्यात पॉलिफेनॉल म्हणजे वनस्पतींत सापडणाऱ्या एका प्रकारच्या संयुगांबद्दल लिहायचंय. ‘स्ट्रॉबेरीतल्या पॉलिफेनॉलचं आतड्यात शोषण होतं व नंतर चयापचय होतो’ हे वाक्य बरोबर आहे का? ‘शोषण’ वाचलं की मजुरांचं शोषणच आठवतं. सरळ ‘अंगी लागतं’ लिहू का?

उत्तर (सांगली): ताई, ‘शोषण’ टाळायचं तर ‘अवशोषण’ आहे, पण माहितीपत्रकात ‘शोषून घेतलं जातं’ एवढं पुरे. माझी खरी हरकत वाक्यातल्या ‘नंतर’वर आहे. स्ट्रॉबेरीचा लाल रंग अँथोसायनिन या पॉलिफेनॉलचा, त्यातही मुख्य पेलार्गोनिडिन, आणि ते साखरेला जोडलेलं असतं. ते मूळ रूपात रक्तात अगदी थोडं पोचतं. लहान आतड्याच्या अस्तरातली एन्झाइम काही पॉलिफेनॉलची साखर तोडतात, मग तिथेच आणि पुढे लिव्हरमध्ये त्यांना ग्लुकुरोनिक आम्ल (ग्लुकोजपासून बनणारं) किंवा सल्फेट चिकटवलं जातं, म्हणजे शोषताना बदल चालूच असतो. आणि मोठा वाटा तर लहान आतड्यात शोषलाच जात नाही, तो मोठ्या आतड्यात जातो, तिथले जीवाणू त्याची लहान लहान फिनॉलिक आम्लं करतात आणि मग ती शोषली जातात, म्हणजे इथे क्रम चक्क उलटा! स्ट्रॉबेरीतल्या एलॅजिटॅनिन या दुसऱ्या पॉलिफेनॉलचंही तसंच, त्यातून सुटलेल्या एलॅजिक आम्लाचं जीवाणू युरोलिथिन करतात, आज खाल्लं तर लघवीत ते बहुतेक उद्या-परवा दिसतं. काहींच्या पोटात ते जीवाणूच नसतात, मग कितीही खा, युरोलिथिन जवळपास होतच नाही.

म्हणून ‘अंगी लागतं’ नको. अंगी लागणं म्हणजे बाळसं धरणं, तब्येत भरणं, दूध-तूप अंगी लागतं. पॉलिफेनॉल शरीर साठवत नाही, परकं समजून रूप बदलून बाहेर काढतं.

दुसरं उत्तर (कराड): वरच्यांशी सहमत, पण ‘चयापचय’ ठेवाच, दहावीच्या पोरांनाही कळतो. चय म्हणजे जुळणी, अपचय म्हणजे मोडणी, इथे जीवाणू मोडतात आणि लिव्हर जोडतं, दोन्ही आलं की. जांभळातही अँथोसायनिन असतं, एका ओळीत तेही घाला, स्ट्रॉबेरी संपते तोवर जांभळं येतात.

प्रश्नकर्ती: खूप आभार दोघांचे. असं केलंय: ‘स्ट्रॉबेरीतलं थोडं पॉलिफेनॉल लहान आतड्यात शोषलं जातं, बरंचसं मोठ्या आतड्यातले जीवाणू आधी मोडतात आणि त्याचे तुकडे मग रक्तात जातात.’ जांभळाची ओळ उद्या घालते.