पूर पाहिलेल्या मुलाला पूरच काढू द्यावा का?

प्रश्न – कृष्णाकाठची शिक्षिका

नमस्कार. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठावरील एका गावात मी शिकवते. 2019 च्या महापुरात आमच्या वर्गात फळा बुडेपर्यंत पाणी होते आणि 2021 मध्ये ते पुन्हा आले. पहिल्या पुराच्या वेळी पहिलीत असलेली मुले आता सातवीत आहेत. त्यांतील एक मुलगा, विषय कोणताही दिला तरी, कागद तळापासून वरपर्यंत मातकट रंगाने भरून टाकतो. त्यातून म्हशीची दोन शिंगे तेवढी वर आलेली असतात आणि तिच्या गळ्यातले दावे मात्र तो पाण्याखालीही काळ्या रंगाने ठळक गिरवतो. सहकारी म्हणतात की त्याला फुले, डोंगर, सूर्य काढायला लावा, म्हणजे तो विसरेल. मला ते पटत नाही. परंतु माझे चुकत असेल, तर त्याची किंमत मुलाला मोजावी लागेल, ही भीती वाटते. कला-उपचाराची माहिती असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – मुलांसोबत कला-उपचाराचे काम करणारी, पुणे

ताई, त्याला ते चित्र काढू द्या. जे शब्दांत सांगता येत नाही ते कागदावर उतरले की त्याला चार कडा मिळतात. ते मुलाच्या समोर असते, त्याला हवे तेव्हा घडी घालून कपाटात ठेवता येते, आणि ज्या प्रसंगात त्याच्या हातात काहीच नव्हते त्या प्रसंगाचा रंग आणि रेघ तरी आता त्याच्या हातात असते. मात्र चित्राचा अर्थ आपण लावायचा नाही. काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग असली कोष्टके आमच्या कामात निरुपयोगी असतात. ‘हे काय काढलेस?’ असे विचारले की मुलाला उलटतपासणी वाटते. ‘या चित्राबद्दल काही सांगावेसे वाटते का?’ एवढेच विचारावे आणि तो गप्प राहिला तर आपणही गप्प राहावे. चित्र भिंतीवर लावायचे की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे.

साधनही बदलून पाहा. जलरंग पसरतात, आवरत नाहीत, आणि पाण्याला घाबरलेल्या मुलाला तेच नकोसे होऊ शकते. माती मात्र दाबता येते, मोडता येते, पुन्हा करता येते. आपल्याकडे बेंदराला घरोघरी मातीचे बैल करतातच, त्यामुळे त्याला ते परकेही वाटणार नाही.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगते: चित्रकलेचा तास म्हणजे उपचार नव्हे. महिनोन्महिने चित्रात एक रेघही बदलत नसेल आणि त्याच्या जोडीला झोपमोड, अंथरूण ओले होणे, पाऊस लागला की शाळा टाळणे अशी लक्षणे असतील, तर पालकांना विश्वासात घेऊन समुपदेशकाकडे न्यावे. शासनाच्या टेलि-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

उत्तर – निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर

बाई, आपला प्रश्न वाचून मला फ्रीडल डिकर-ब्रँडाइस आठवल्या. व्हिएन्नात जन्मलेल्या या चित्रकर्तीला डिसेंबर 1942 मध्ये नाझींनी तेरेझिनच्या छावणीत पाठवले, तेव्हा मोजक्याच सामानाची मुभा असताना त्यांनी सोबत चित्रांचे साहित्य नेले. तिथे त्यांनी शेकडो मुलांना शिकवले. कागद संपले की वापरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर चित्रे काढली जात. प्रत्येक मुलाने चित्रावर स्वतःचे नाव घालावे, हा त्यांचा आग्रह होता. ज्या ठिकाणी माणसाचा क्रमांक केला जात होता, तिथे त्या नावाचे मोल काय असेल, याचा मी शिक्षक म्हणून अनेकदा विचार केला आहे. मुलांनी फुलपाखरेही काढली आणि रांगा, तिमजली खाटा, पहारेकरीही काढले. दोन्हींना मुभा होती. ऑक्टोबर 1944 मध्ये फ्रीडल यांना आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले. जाण्यापूर्वी दोन सुटकेसमध्ये ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे वाचली आणि आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रे काढणारी बहुतेक मुले मात्र वाचली नाहीत, आणि कलेने काय होते यावर बोलताना हे विसरून चालणार नाही. फ्रीडल यांच्या छावणीपूर्वीच्या विद्यार्थिनी एडिथ क्रेमर 1938 मध्ये न्यूयॉर्कला गेल्या आणि पुढे अमेरिकेत कला-उपचाराचा पाया घालणाऱ्यांपैकी एक ठरल्या.

उत्तर – मनोरुग्णसेवेतील परिचारिका

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. फक्त अपेक्षा बेताची ठेवावी, असे सुचवते. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 417 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले, गटाने केलेल्या कला-उपचाराचा वेगळा लाभ दिसला नाही. अनेक रुग्ण सत्रांना फारसे आलेच नव्हते. उलट, गिरिजा कैमल यांच्या अमेरिकेतील 2016 च्या छोट्या अभ्यासात 39 प्रौढांनी पाऊण तास कलाकाम केल्यावर सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले होते, आणि त्यासाठी हातात कला असण्याची गरज नव्हती.

आणखी एक: पूर एकट्या मुलाच्या घरात आला नव्हता. 1987 मध्ये अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या आप्तांनी प्रत्येकी तीन फूट बाय सहा फुटांचे, म्हणजे साधारण एका थडग्याएवढे, कापडाचे तुकडे शिवले आणि असे 1,920 तुकडे वॉशिंग्टनच्या मैदानात एकत्र अंथरले. गेलेल्या आईच्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायकांना यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. गावातील आयांना एकदा शाळेत बोलावून पुरातून वाचलेल्या कापडांची एक गोधडी शिवून पाहावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल मी नदीकाठची माती आणून वर्गात ठेवली. त्याने म्हैस केली. शिंगे दोनदा तुटली. तिसऱ्या वेळी त्याने आत काडी घालून ती बसवली. दावे केले नाही. काम करता करता, मान वर न करता, तो म्हणाला, “सोडायचं राहिलं होतं, बाई.” मी काही विचारले नाही, शेजारी बसून राहिले. तास संपल्याची घंटा झाली तरी तो उठला नाही आणि मीही त्याला उठवले नाही. म्हैस खिडकीत वाळत ठेवली आहे. तिला कोणी हात लावू नये, असे त्याने स्वतः सर्वांना बजावले आहे. गोधडीविषयी शनिवारी पालकसभेत बोलणार आहे.