विंचूदंशावर प्रतिविष द्यावे की प्राझोसिनची गोळी पुरेशी आहे?

कोकणातला_शिक्षक यांचा प्रश्न

गेल्या महिन्यात उडवीतून पेंढा ओढत असताना आमच्या काकांना लाल विंचवाने नांगी मारली. तासाभरात त्यांना दरदरून घाम सुटला, दोनदा ओकारी झाली आणि हातपाय बर्फासारखे गार पडले. त्यांना तालुक्याच्या एका रुग्णालयात नेले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी प्राझोसिन नावाची गोळी दिली, सलाईन लावले आणि काकांना उठून बसू दिले नाही. रात्रभर परिचारिका दर थोड्या वेळाने येऊन त्यांच्या तळपायांना हात लावून पाहत होती. काका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले. मात्र घरातील मंडळींचा राग अजून गेलेला नाही, कारण ‘सापाला लस देतात, मग विंचवाला नुसती गोळी का?’ हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला आहे. मी वाचलेल्या माहितीत काही ठिकाणी विंचवाचे प्रतिविष (म्हणजे विषावरची लस) उपयुक्त ठरल्याचे आणि काही ठिकाणी निरुपयोगी ठरल्याचे लिहिले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी

आपल्या काकांना मिळालेली गोळी ‘नुसती’ नव्हती, हे आधी सांगतो. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडे धरून ठेवते, त्यामुळे मज्जातंतूंच्या टोकांतून आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनालिनच्या कुळातील द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडून ते थकते आणि शेवटी फुफ्फुसांत पाणी भरते. रुग्ण दगावतो तो बहुधा या पाण्यामुळे. प्राझोसिन हे मुळात रक्तदाबावरचे औषध असून ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे विष जे घडवून आणते त्याच्या नेमके उलट काम करते.

हा उपचार परदेशातून आलेला नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा गंभीर विंचूदंशाचे शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण मरत असत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला, तो १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण माझ्या पिढीच्या कोकणातील डॉक्टरांना त्यांचे ऋण त्याआधीच ठाऊक होते.

आता तळपायांविषयी. रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात तोवर हातपाय गार आणि घामाने ओले राहतात. ते कोरडे आणि ऊबदार झाले की औषध लागू पडले असे समजायचे. तोवर साधारण दर ३ तासांनी गोळी पुन्हा द्यावी लागते. रक्तदाब एकाएकी उतरू नये म्हणून रुग्णाला आडवेच ठेवतात, आणि घाम व ओकाऱ्यांतून गेलेले पाणी आधी भरून काढतात. ती परिचारिका अनुभवी असली पाहिजे.

औषधशास्त्र_पुणे

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे परस्परविरोधी निष्कर्षांचा, मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ट्युनिशियातील ८२५ रुग्णांवरील एक मोठी चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे विंचूदंशाच्या रुग्णांना सरसकट प्रतिविष देऊन पाहिले, पण त्याचा काही लाभ दिसला नाही. याउलट अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ १५ मुले होती; प्रतिविष मिळालेली आठही मुले ४ तासांत बरी झाली आणि ते न मिळालेल्या ७ मुलांपैकी एकच बरे झाले. विंचू वेगळे होते हे खरेच, परंतु त्याहून मोठा फरक रुग्णांच्या निवडीत होता. ट्युनिशियातील बहुतेक रुग्णांना नुसती वेदना होती, म्हणजे ते उपचाराविनाही बरे होणारच होते. ॲरिझोनातील मुले अतिदक्षता विभागात दाखल करण्याइतकी आजारी होती. जे मुळातच बरे होणार आहेत त्यांना कोणतेही औषध दिले तरी फरक दिसणार नाही.

आपल्याकडील लाल विंचवाविषयी सर्वांत उपयुक्त चाचणी पुन्हा महाडचीच आहे. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७० रुग्णांचे ३५-३५ चे दोन गट केले होते. १० तासांच्या अखेरीस प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्यांपैकी ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले होते, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपैकी ८. बरे होण्याचा सरासरी काळ अनुक्रमे ८ तास आणि सुमारे १८ तास असा भरला. ही चाचणी एकाच रुग्णालयातील होती, कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, आणि ७० रुग्णांवरून मृत्यूच्या प्रमाणातील फरक कळणे शक्य नसते. तरीही दोन्ही मिळून बरे होणे लवकर घडते, एवढा निष्कर्ष मी निःसंकोच मान्य करतो. घरच्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. राग मात्र गोळीवर नको.

माणगावचा_सर्पमित्र

एक शंका विचारतो. काही ठिकाणी विंचवाच्या रुग्णालाही सापाचीच लस टोचतात असे ऐकतो. ती चालते का?

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी

अजिबात चालत नाही. आपल्याकडील सापाचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर घोड्यांमध्ये तयार केलेले असते. त्यात विंचवाच्या विषाविरुद्ध काहीच नसते, उलट घोड्याच्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी तेवढी पदरी पडू शकते. विंचवाचे प्रतिविष वेगळे असते आणि ते मुंबईच्या हाफकिन संस्थेने बनवलेले आहे.

दोन्हींचे काम मात्र एकाच तत्त्वावर चालते. प्रतिविष रक्तात मोकळे फिरणारे विष पकडते, झालेले नुकसान भरून काढत नाही. घोणसाच्या दंशात आम्ही २ मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवत असू आणि मग नळी तिरकी करून पाहत असू. रक्त पाण्यासारखे वाहिले, म्हणजे विषामुळे ते गोठत नसले, तर प्रतिविष सुरू करायचे. पुढची तपासणी ६ तासांनी, कारण विष निष्प्रभ झाल्यावर यकृताला रक्त गोठवणारे घटक नव्याने बनवायला तेवढा अवधी लागतो. नळी साबणाने धुतलेली असली तर ही तपासणी फसते, म्हणून नवीच नळी घ्यावी लागे, आणि ती नेमकी रात्री संपलेली असे.

औषधशास्त्र_पुणे

गोळीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सापाच्या विषातील फॉस्फोलायपेज ए-२ या घटकाला रोखणाऱ्या व्हॅरेस्प्लॅडिब या तोंडी औषधाची दुसऱ्या टप्प्यातील चाचणी भारत आणि अमेरिकेतील रुग्णांवर झाली, तीही नेहमीच्या उपचारांच्या जोडीने. एकूण रुग्णांत मुख्य निकषावर ठोस फरक आढळला नाही. दंशानंतर लवकर औषध मिळालेल्यांत थोडा लाभ दिसला. त्यामुळे सर्पदंशात रुग्णालयाची वाट धरण्याला आज तरी पर्याय नाही.

कोकणातला_शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, आपला प्रतिसाद काकूंना वाचून दाखवला. पहाटे चारच्या सुमारास परिचारिकेने काकांचे पाय चाचपून ‘आता झाले’ एवढेच म्हटले होते आणि ती निघून गेली होती; काकूंना ते तोडून बोलणे वाटले होते.