लातूरजवळची जुनी 'बार्शी लाइट' आणि बंद जिनिंग: मार्ग ओळखायचा कसा, आत शिरायचं की नाही?

माळावरचा_रूळ

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरला शिकणारे चौघे. दिवाळीनंतरच्या रविवारी 'बार्शी लाइट' या जुन्या नॅरोगेज (अरुंद रुळाच्या) रेल्वेचा मार्ग पायी शोधायचा विचार आहे. लातूर, मुरुड, ढोकी, येडशी आणि जमलं तर पुढे रामलिंगचा घाट. रस्त्याला बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून गठाणी दाबणाऱ्या गिरण्या) आणि तेलगिरण्याही आहेत, त्यांची मापं आणि फोटो घ्यायचे आहेत.

रूळ तर कधीच उचलले. मग नुसता मातीचा बांध बघून तो रेल्वेचा की शेताचा की पाटाचा, हे कसं ठरवायचं? परवानगी कोणाकडे मागायची? आणि बंद इमारतीत पाऊल टाकण्याआधी काय बघायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

खडी_आणि_मुरूम

आधी एक गोष्ट पक्की करा: सगळा जुना मार्ग मोकळा नाही. कुर्डुवाडी–बार्शी ही मूळ लाइन १८९७ ची, लातूरपर्यंत ती १९११ ला आली. २००७–०८ मध्ये ब्रॉडगेज (रुंद रुळाची लाइन) झालं तेव्हा बऱ्याच ठिकाणी नवी लाइन जुन्याच्या अंगावर किंवा अगदी शेजारून गेली. तिथे शोधण्यासारखं फारसं उरलेलं नाही, आणि चालू रुळावर जायचंही नाही. खरा सुटलेला तुकडा पांगरी ते येडशी. जुनी गाडी धाराशिवला जातच नव्हती, ती घाटातून सरळ येडशीला यायची. नव्या लाइनीने धाराशिवला वळसा घेतला म्हणून घाटातला भाग मागे राहिला. लातूर शहरातही स्टेशन गावाबाहेर गेलं, आणि 'जुनी रेल्वे लाइन' आता फक्त पत्त्यात लिहिली जाते. शहरापासून सुरुवात करू नका, वेळ वाया जाईल. येडशीकडून सुरू करा.

आता बांध ओळखणं. पहिली खूण रुंदी. नॅरोगेजच्या बांधाचा माथा साधारण साडेतीन ते पावणेचार मीटर भरतो, ब्रॉडगेजचा सहाच्या वर. शेताचा बांध याहून अरुंद असतो आणि तो उतारासोबत खालीवर होतो. रेल्वेचा बांध तसा होत नाही. जमीन खाली गेली की बांध उंच होतो, जमीन वर आली की तोच मार्ग खोदून काढलेल्या खिंडीत शिरतो. पाटाच्या बांधाला पाणी धरायला मधे खोलगट असते, रेल्वेच्या बांधाचा माथा सपाट किंवा किंचित फुगीर.

दुसरी खूण बांधाच्या दोन्ही अंगांना असलेले उथळ, लांबट खड्डे. भरावाची माती तिथूनच काढलेली असते. पावसाळ्यानंतर त्यात पाणी किंवा बाभळी दिसतात.

तिसरी खूण वळण. गाडीरस्ता कोपऱ्यात मोडतो, रेल्वे कधीच मोडत नाही. वळण मोजायला २० मीटरची दोरी बांधाच्या बाहेरच्या कडेला दोन टोकांनी ताणून धरा, आणि दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट म्हणजे त्रिज्या. मधलं अंतर अर्धा मीटर आलं तर ४०० भागिले ४, म्हणजे १०० मीटर त्रिज्या. तीन ठिकाणी मोजून आकडा जवळपास सारखा आला तर रेल्वेचं वळण समजा. कड ढासळलेली असेल तर एकाच मापावर विसंबू नका, तिथेच लोक फसतात.

रुळाचे तुकडे कुंपणाचे खांब आणि गोठ्याच्या तुळया म्हणून गावोगाव सापडतात. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, होतं २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही अशी सगळी आखणी केली, त्यामुळे सुरुवातीचे रूळ फक्त ३० पौंड प्रति यार्डचे चालले, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. असा रूळ साधारण ३ इंच उंच. हल्लीचा ६० किलोचा ब्रॉडगेज रूळ १७२ मिमी असतो. हातात टेप असेल तर घोळ व्हायचं कारण नाही. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. तारेच्या ब्रशने घासू नका, अक्षरं जातात. सुक्या कापडाने धूळ काढा आणि बॅटरीचा उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडून फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारला की अक्षर सपाट दिसतं.

सातबारा_वाचक

वरचं सगळं बरोबर, पण चपला झिजवण्याआधी कागद बघा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गावाचा नकाशा उघडा. चौकोनी गटांमधून एखादी लांबलचक, अरुंद पट्टी वळत जाताना दिसली की तो मार्ग. त्या गटाचा सातबारा काढून भोगवटादार कोण ते वाचा. रेल्वेचं नाव असेल तर जागा अजून रेल्वेची. रूळ गेले म्हणून मालकी गेली असं होत नाही.

जुने नकाशेही मिळतात. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले १:२,५०,००० प्रमाणाचे भारताचे नकाशे इंटरनेटवर फुकट आहेत, त्यात ही लाइन दिसते. सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकांत लातूर ५६बी मध्ये पडतं आणि येडशी ४७एन मध्ये. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे नकाशे बसवताना नुसते चार कोपरे देऊ नका. जुन्या नकाशाचा पाया एव्हरेस्ट गोलाभ (पृथ्वीचा मानलेला आकार) आहे, आजच्या उपग्रहचित्राचा वेगळा, म्हणून रेषा बाजूला सरकलेली दिसते आणि माणूस भलत्याच बांधावर जाऊन उभा राहतो. नदीवरचा पूल, रस्त्याचं फाटक, गावातलं देऊळ असे न हललेले सहा-सात बिंदू द्या. मग गूगल अर्थवर एप्रिल-मेची चित्रं बघा. काळ्या रानात मुरमाचा पट्टा फिकट दिसतो. पिकं उभी असताना तो झाकला जातो.

परवानगीचं म्हणाल तर हा भाग मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतो. अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे, कॉलेजच्या लेटरहेडवर, तारखा, माणसांची नावं आणि नकाशाच्या प्रतीसह द्या. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलात तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चालू लाइनीजवळ वरून २५ हजार व्होल्टची तार गेली असेल तर सेल्फी स्टिक, मोजपट्टीची काठी, काहीही उभं धरायचं नाही. घाटातला भाग येडशी रामलिंग अभयारण्याला लागून आहे. तिथे वन खात्याचा परवाना वेगळा लागतो, रेल्वेचं पत्र दाखवून भागत नाही. खासगी जिनिंग असेल तर मालकाची किंवा बँकेने जप्त केली असेल तर बँकेची लेखी परवानगी हवी. वॉचमनने 'जा हो आत' म्हटलं ती परवानगी नव्हे.

आणि शेतातून जाताना शेतकऱ्याला आधी विचारा. कापूस-तूर उभी असताना चार जण रानात घुसले तर नुकसान त्याचं होतं.

कडीपाट

इमारतींबद्दल मी लिहितो, कारण जीव तिथे जातो.

आपल्याकडच्या जुन्या गोदामांवर आणि गिरणीच्या कचेऱ्यांवर दोन प्रकारची छपरं असतात. पहिलं माळवद: भिंतीत घुसवलेल्या तुळया, त्यावर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या), त्यावर फूटभर माती. फूटभर कोरडी माती म्हणजे चौरस मीटरला जवळपास ५०० किलो. गच्चीवर दरवर्षी नवी माती टाकली जायची, गळती तपासली जायची. वापर थांबला की गवत उगवतं, मुळं माती फोडतात, पाणी मुरतं, वजन वाढतं. त्याच वेळी तुळईचं भिंतीतलं टोक वाळवी आतून खाते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, रंगसुद्धा तसाच. म्हणून मधे ठोकून बघण्यात अर्थ नाही. भिंतीपाशी बघा: तुळईखाली ताजा भुगा, मातीची बोटभर नळी, चुन्याला नवी चीर किंवा तुळई आणि भिंत यांच्यात फट. यांतलं एकही दिसलं तर दारातून फोटो घ्या आणि परत फिरा. पावसाळ्यानंतरचे पहिले दोन महिने माळवदाखाली शिरूच नका, म्हणजे दिवाळीनंतर लगेच तर नकोच. बांधावरून फिरा, इमारती जानेवारीत बघा.

दुसरं छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं. त्यात अॅस्बेस्टॉस असतं. त्यावर चढायचं नाही, फुटलेले तुकडे हलवायचे नाहीत.

लातूर-धाराशिव भागात आणखी एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप या भिंतींनी सोसला आहे. इथल्या जाड भिंती म्हणजे बाहेरचा एक दगडी थर, आतला एक, आणि मधे माती नि बारीक दगड. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले की धक्क्याने ते सुटे होतात. भिंत उभी असते, पण दोन पातळ भिंती म्हणून. बाहेरच्या अंगाला पोट सुटलेलं दिसेल. दोरीला दगड बांधून ओळंबा धरा, वरून खाली फुगवटा किती ते कळतं. अशा भिंतीला टेकू नका, तिच्या उंचीच्या दीडपट लांब राहा.

जिनिंगमध्ये सगळ्यात वाईट जागा म्हणजे प्रेसचा खड्डा. गठाणी दाबणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचा सिलिंडर जमिनीखाली असतो. यंत्र भंगारात गेलं की खोल खड्डा उरतो, त्यावर फळ्या टाकलेल्या आणि फळ्यांवर कापसाचा कचरा आणि माती. अंधारात ती फरशीच वाटते. भिंतीच्या कडेकडेने चाला, पुढे काठीने जोरात ठोका, पोकळ आवाज आला की थांबा. रोलर जिनच्या (सरकी काढणाऱ्या यंत्राच्या) हॉलमधली धूळ उडवू नका. रोलर क्रोम लावलेल्या चामड्याचे असायचे आणि ती पूड तिथेच साचलेली असते. एन-९५ मास्क लावा, नुसता रुमाल चालणार नाही.

माळावरचा_रूळ

खूप आभार. इमारती जानेवारीतच बघू. दोन गोष्टी राहिल्या: चिमणीत खालच्या दारातून आत डोकावलं तर चालेल का? आणि भूकंपात उठलेली जुनी गावं याच फेरीत बघावीत का?

कडीपाट

चिमणीत नाही. आतल्या विटा सुट्या होऊन पडतात आणि वर आग्यामोहोळ असतं. बॅटरीचा झोत, धूर, अत्तर, मोठा आवाज यांनी माश्या उठतात. उठल्याच तर सरळ पळत लांब जा, विहिरीत किंवा पाण्यात उडी नको. बंद विहिरी आणि भूमिगत टाक्यांतही उतरायचं नाही, आत प्राणवायू नसतो.

जुन्या गावांबद्दल: किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत माणसं ढिगाऱ्याखाली गेली, त्यांचे घरचे आजही तिथे दिवा लावायला येतात. ती 'बघायची जागा' नाही. जायचंच असेल तर नव्या गावातल्या कोणा वडीलधाऱ्याला विचारून, कॅमेरा पिशवीत ठेवून जा.

खडी_आणि_मुरूम

घाटातल्या पुलांचं राहिलं. लोखंडी गर्डर निघालेले असतील तिथे दगडी खांब मोकळे उभे असतात. त्यांच्या माथ्यावरचा कडेचा दगड सुटा असू शकतो, म्हणून वरून वाकून फोटो नको. ओढ्यात उतरून पायथा बघा, पाण्याने पाया उघडा पडला असेल तर खांबाखाली उभं राहू नका. उतरताना दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, फुरसं आणि घोणस दोन्ही याच भागात आहेत. घोट्यावर जाणारे बूट, लांब पँट, माणशी ३ लिटर पाणी. चावलंच तर चिरा देणं, घट्ट आवळणं नको. पाय न हलवता १०८ ला फोन करा. मोबाइलची रेंज घाटात जाते, म्हणून येडशीत कोणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवा.

नोंदीसाठी प्रत्येक पुलाला एक ओळ पुरे: अक्षांश-रेखांश, गाळे किती, प्रत्येक गाळ्याची मोकळी रुंदी, खांबाची जाडी, दगड घडीव की ओबड, सांध्यात चुना की सिमेंट. सिमेंट दिसलं तर ती नंतरची दुरुस्ती, तीही लिहा. फोटोत मोजपट्टी हवीच. आणि ढोकी-मुरुडकडे निवृत्त गँगमन भेटले तर कोणत्या मोरीला ते काय नाव घ्यायचे ते विचारा. नकाशात नुसता नंबर असतो, नाव फक्त त्यांच्याकडे आहे.