पद्मिनीचं सस्पेन्शन: भंगारातला अस्सल माल की दुकानातला नवा?

कुर्ल्याची लेक
माझी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी गाडी. पुढचा डावा खालचा आर्म (चाक धरणारा लोखंडी दांडा) गंजलाय, मागच्या कमानी (एकावर एक पोलादी पाटे रचलेल्या स्प्रिंगा) बसल्यात. मेकॅनिक म्हणतो नवा सेट टाका. मी म्हणते, कुर्ल्याच्या भंगारातून मूळ माल उचलावा. शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरल्या, त्यांचा माल अजून फिरतोय. दुकानातला नवा आर्म हातात घेऊन पाहिला. बुश (सांध्यातली नळी) बसायची भोकंच एका रेषेत नव्हती! त्यापेक्षा प्रीमियरचं जुनं लोखंड बरं. शॉकॉब्सर आणि रबरी बुश नवेच घेणार, त्यावर वाद नाही.

घाटपायथा
बाकीच्यावर आहे ना वाद! टॅक्सीच्या कमानीने काय काय सोसलंय ते बघा. डिकीत सीएनजीची टाकी, टपावर कॅरिअर, आत सहकुटुंब भाडं. त्यात कुणीतरी जादा पाटा ठोकलेला असतो. तो तुमच्या गाडीला लावलात तर प्रत्येक खड्डा मणक्यात मोजाल. तडा बहुतेकदा सेंटर बोल्टच्या भोकापाशी जातो, म्हणजे नेमका क्लॅम्पखाली झाकलेला. पाटे सोडवल्याशिवाय दिसणार कसा? भंगारवाला सोडवू देईल?

कुर्ल्याची लेक
ओळखीचा आहे, देईल.

ऐरणीवरचा
दोघंही थांबा राव. कमान जुनी घेऊ नका, नवीही नको. स्वतःचीच उतरवून चांगल्या कमानवाल्याकडे न्या. मेन पाटा बदलायचा, बाकीचे वर आणून घ्यायचे. पण नुसते ठोकून नाही! पाणी (तापवून, बुडवून पोलाद कडक करणं) नीट दिलं नाही तर महिन्याभरात पुन्हा बसतात. पाणी देतोस का, हे विचारल्यावर जो हसतो त्याच्याकडून परत फिरायचं.
आर्मचं म्हणाल तर जुना घ्यायला हरकत नाही. घासून रंग काढा, डिझेलमध्ये भिजवा, कोरडा पुसा आणि खडूची पूड लावा. तडा असेल तर थोड्या वेळाने काळी रेघ उमटते. वडील असंच करायचे, फक्त तेव्हा रॉकेल मिळायचं.

घाटपायथा
खडू तडा दाखवेल, वाक दाखवेल का? डिव्हायडरला धडकलेल्या गाडीचा आर्म गळ्यात पडला तर टायर एका बाजूने खाल्ला जाईल आणि तुम्ही अलाइनमेंटवाल्याला शिव्या घालत बसाल. मी स्वतः हे भोगलंय. भट्टीत तापवून सरळ केलेला आर्म विकला होता मला, वर झकास काळा रंग.

ऐरणीवरचा
तापवलेला असेल तर फुकटही घेऊ नका, इथे घाटपायथा यांच्याशी शंभर टक्के सहमत. म्हणूनच रंगवलेला माल नको, गंजका बरा. सोबत जुना आर्म न्या आणि दोन्ही जाड सपाट काचेवर ठेवून ताडून बघा. मात्र त्याच बाजूचा हवा.

कुर्ल्याची लेक
ठीक, कमानीचा हट्ट सोडला. आर्मचा नाही. दुकानातली वाकडी भोकं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. रविवारी खडू आणि जुना आर्म घेऊन निघतेय.

घाटपायथा
माझं मत तेच, नवा घ्या आणि भोकं लेथवर सरळ करून घ्या. पण जाताच आहात तर पुढच्या ग्रिलची मूळ क्रोम पट्टी दिसली तर माझ्यासाठी उचला. तिला तडा असला तरी चालेल.