अडीच वर्षांच्या मुलीची चोखणी सुटत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. लेक अडीच वर्षांची आहे. खेळात असली की तिला चोखणीची आठवणही येत नाही, पण दुपारी आणि रात्री झोपताना लागतेच. झोपेत तोंडातून निसटली की रडत उठते.

मध्यंतरी लक्षात आलं, की ती पोळी पुढच्या दातांनी तोडतच नाही. मान वाकडी करून बाजूच्या दातांनी ओढते. दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत फट राहते आणि तिथून जिभेचं टोक दिसतं. दंतवैद्य म्हणाल्या, हे चोखणीमुळेच. आत्ता सवय सुटली तर ही फट बहुतेक वेळा आपोआप भरून येते. पण तीन-चार वर्षांच्या पुढे गेलं तर टाळू अरुंद होतो, वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसू लागतात आणि ते सहसा आपोआप सुधारत नाही.

यंदाच्या थंडीत तिचा कानही सारखा ठणकत होता. सहा महिन्यांनंतर चोखणी चालू राहिली की कानाच्या संसर्गाची शक्यता वाढते, असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. पहिल्या महिन्यांत झोपताना चोखणी दिली तर बाळाच्या झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो, हेही त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून तेव्हा दिली होती.

सासूबाई म्हणतात, "दुधाचेच दात, पडणारच आहेत. कशाला पोरीला रडवता?" दिवसभर त्याच तिला सांभाळतात, त्यामुळे त्यांना पटल्याशिवाय काही होणार नाही. शेजारच्या काकू कडुलिंबाचा रस लावायला सांगतात. माझं मन होत नाही. जिच्या आधाराने लेकरू झोपतं, तीच वस्तू एकाएकी कडू करायची?

एकदम बंद करावी की हळूहळू? अंगठा चोखायला लागली तर? आणि सासूबाईंना कसं समजावू?

प्रतिसाद:
ताई, कडू काही लावू नका. मध तर नकोच, त्याने दात किडतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देत नाहीत. चोखणीचं टोक कापायचा सल्लाही कुणी देईल, पण तुकडा सुटून घशात अडकू शकतो.

आमच्याकडे आधी दुपारची सोडवली. आजीने पाठ थोपटत गोष्ट सांगायची आणि हातात कापडी बाहुली द्यायची. हात गुंतला की अंगठाही तोंडाकडे कमी जातो. दुपार जमली की मग रात्र. पहिल्या काही रात्री रडारड होईल, तेव्हा मात्र घरातल्या कुणीच परत काढून देऊ नका.

सासूबाईंना सांगा, दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. आणि बदलतात ते नुसते दात नाहीत, जबड्याचा आकारही बदलतो. तुमचं ऐकणार नसतील तर त्यांनाच तपासणीला घेऊन जा. पंचवटीतल्या भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. डॉक्टरांनी फट दाखवून समजावलं की आज्यांना लवकर पटतं.