वर्गणीची वही सापडली. नर्सेसच्या संघटनेचे तुमचे अनुभव सांगा

निवृत्त सिस्टर, जळगाव
काल आवराआवर करताना लोखंडी पेटीत तळाशी जुनी दोनशेपानी वही हाती लागली. वॉर्ड नंबर, नावं, समोर वर्गणी, आणि शेवटच्या रकान्यात मीच लिहिलेलं, "सासू आजारी, नाईट नको", "बदलीची भीती", "चेंजिंग रूमला कडी नाही". वाचता वाचता खालीच बसले.
मी सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं काढली. सुरुवातीला पावतीपुस्तक घेऊन वॉर्डावॉर्डात फिरायचे, पैसे सगळ्या द्यायच्या पण मीटिंगला आम्ही पाचजणी. राग यायचा. एकदा आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "तू पैसा मांगस, पन तिले काय दुखस ते इचारं का कधी?" तेव्हापासून वहीत तो शेवटचा रकाना आला. हॉलमधल्या मीटिंगा बंद केल्या, सकाळी आठच्या हँडओव्हरला व्हरांड्यातच दहा मिनिटं बोलायचो, कारण नाईटवाली आणि मॉर्निंगवाली तेव्हाच समोरासमोर येतात. पहिली मागणी पगाराची नव्हती, कडीची होती. ४३ सह्या झाल्या आणि चार दिवसांत कडी लागली. पुढच्या वेळी व्हरांडा पुरला नाही.
तुमच्याकडे कसं झालं? जमलं नसेल तर तेही लिहा.

धुळेकर ब्रदर
प्रायव्हेटला आहे. आमच्याकडे संघटना शब्द काढला तरी लोक मागे बघतात. तेव्हाच्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात संघटनेच्या नोंदणीसाठी सात जण अर्ज करू शकायचे हे वाचलं होतं, मग कामावरच्या किमान १० टक्के नाहीतर १०० यातलं जे कमी ते सभासद लागायचे हे कळलं. आम्ही ६ वर अडकलो. सातवी सिस्टर तयार होती पण नवऱ्याने नाही म्हटलं, आणि मी तिला दोष देत नाही, घरात तिचाच पगार चालू होता. ड्युटी लागली, नंतर लिहितो

सातपुड्याची एएनएम
धडगावकडे आरोग्य उपकेंद्रावर नर्स होते. ग्रुपवरचे मेसेज दोन दोन दिवसांनी यायचे, मोर्चा होऊन गेल्यावर कळायचं. वाटायचं संघटना नंदुरबारवाल्यांची, आपली नाही. एकदा पावसाळ्यात जिल्ह्याच्या दोन ताई चांदसैली घाट चढून आल्या, काही मागितलं नाही, माझं क्वार्टर गळतं ते बघितलं, फोटो काढले, माझ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि त्यावर स्वतःच्याही सह्या केल्या. पत्रे बदलायला वर्ष गेलं. पण त्या दिवसापासून मी एकही वर्गणी चुकवली नाही

अमळनेरचा मुलगा
माझी आई स्टाफ नर्स. १४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनचा संप झाला ना, सात दिवस चालला, आई रोज जायची. मी म्हटलं तू तर १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेली, तुला जुनी पेन्शन आहेच, उन्हात कशाला बसतेस. म्हणाली माझ्या वॉर्डातल्या पोरींना नाही ना. मी गप्प. पाण्याचा जार घेऊन मीही दोन दिवस गेलो

निवृत्त सिस्टर, जळगाव
@अमळनेर आईला माझा नमस्कार सांग बाळा. डोळ्यात पाणी आलं.

भुसावळची
सिस्टर तुम्ही प्रसूती वॉर्डला होत्या का कधी? माझी मोठी मुलगी तिथेच झाली, मे महिना, पंखा बंद, एक सिस्टर रात्रभर पुठ्ठ्याने वारा घालत होती. नाव विचारायचं राहिलं

आयसीयू नाईट
स्पष्ट लिहिते. आमच्याकडे तेच पदाधिकारी वर्षानुवर्षे, निवेदन देतानाचा फोटो आला की काम संपलं. कंत्राटी मुलींना सभासदच करत नाहीत आणि मग म्हणतात एकी नाही. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण जनरल वॉर्डला टीचिंग हॉस्पिटलमध्ये तीन पेशंटला एक नर्स, इतर ठिकाणी पाचला एक, आणि आम्ही रात्री दोघी मिळून ५८ पेशंट. शेवटी आम्हीच महिनाभर रोज रात्री पेशंट किती, नर्स किती एवढंच वहीत लिहिलं, सगळ्या वॉर्डांनी, कंत्राटीवाल्यांनीसुद्धा. ती वही टेबलावर ठेवल्यावर साहेब पहिल्यांदा बसा म्हणाले. नाईटला तिसरी सिस्टर मिळाली.

निवृत्त सिस्टर, जळगाव
@आयसीयू तू म्हणतेस ते खरं आहे. आम्हीही कंत्राटी मुलींना उशिरा घेतलं, ते चुकलंच. नंतर कार्यकारिणीत दोन जागा त्यांना ठेवल्या, तेव्हा कुठे नाईटच्या अडचणी वरपर्यंत पोचायला लागल्या.
@भुसावळ हो होते गं, पण ती मी नसेन, आमच्यात सगळ्याच वारा घालायच्या

यावलकर
आमच्या सगळ्यांची पहिली ओळख भरीत पार्टीत झाली. एका सिस्टरचं शेत, काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, मेट्रनपासून मावशींपर्यंत सगळे एका पंगतीत. त्याआधी ओपीडीवाल्या आणि ऑपरेशन थिएटरवाल्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. लेकरं पण आणा म्हटलं होतं म्हणून सगळ्या आल्या, नाहीतर रविवारी घर सोडून कोण येतं

भुसावळची
भरीतात शेंगदाणे टाकता का तुम्ही? आमच्याकडे कांद्याची पात आणि भरपूर तेल

यावलकर
शेंगदाणे पाहिजेतच 🙏 पात पण

धुळेकर ब्रदर
सुटलो ड्युटीवरून. सिस्टर तो रकान्याचा मुद्दा डोक्यात बसला. त्या सातव्या सिस्टरला आम्ही फक्त सहीचं विचारलं, तिला काय पाहिजे ते नाही. तिची मुलगी लहान आहे, सलग नाईट लागतात. आम्ही सहा जण आपसात ड्युट्या बदलून तिच्या दोन नाईट घेऊ शकतो. सही करो न करो. तुमची ती वही बघायला मिळेल का?

निवृत्त सिस्टर, जळगाव
फोटो नको, त्यात पोरींची दुखणी लिहिलेली आहेत. रविवारी धुळ्याला बहिणीकडे येते आहे, रिकामे रकाने आखलेली नवी वही घेऊन येईन. तिलाही बोलव, लेकरू घेऊन येऊ दे.

धुळेकर ब्रदर
या. चारनंतर या, तिची मॉर्निंग आहे.